वंदनेची सतरा पानं

देवीदास मेश्राम पोलादाच्या प्लांटमधून रिटायर झाले, पण त्यांच्यातला फिटर काही रिटायर झाला नाही. घरचा जुना कॉम्प्युटर भंगारात निघाला, तेव्हा त्यांनी त्यातलं विंडोज काढून फुकटचं लिनक्स घातलं आणि प्लांटच्या वसाहतीतल्या अख्ख्या सेक्टर दहाला सांगत सुटले. प्रिंटर जोडायची वेळ आजवर आली नव्हती, म्हणून बरं चाललं होतं.

काम एका पानाचं होतं. पौर्णिमा होती. संध्याकाळी विहारात त्यांच्या बायकोला, ठकूबाईंना, पहिल्यांदाच पुढे उभं राहून वंदना सांगायची होती. तोंडपाठ होती, पण चारचौघांत जीभ अडली तर, ही धास्ती. पुस्तकातली बारीक अक्षरं मोतीबिंदूमुळे दिसत नव्हती. मोठ्या अक्षरांचं एक पान हातात हवं होतं.

"अवो, सुपेल्याच्या बाजारात दुकानावर पाच मिनटांत काढून देतेत," त्या सकाळीच म्हणाल्या.

"घरी मशीन असताना दुकानात कावून जाचं?"

पहिला कागद निघाला तो नुसत्या किड्यामुंग्या छापून. प्रिंटर चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, चुकला होता. देवीदासनी प्लांटच्या शिस्तीत काम हातात घेतलं, बरोबर ड्रायव्हर टाकला आणि प्रिंटचं बटण दाबलं. प्रिंटर ढिम्म. पुन्हा दाबलं. वायर बदलली, तीनदा रिस्टार्ट केलं, दर वेळी बटण दाबलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. पुण्याहून मुलगा भूषण फोनवर म्हणाला, "पप्पा, मैं बोला था ना, विंडोज रहने दो." त्यांनी फोनच कापला.

पाच वाजता ठकूबाई पांढरं लुगडं नेसून तयार झाल्या. त्यांनी बारीक अक्षरांचं पुस्तकच पिशवीत घातलं, आणि तेच देवीदासना फार लागलं. हट्टापायी आपण हिचा दिवस घालवला, असं त्यांना वाटलं.

"राहू द्या आता," शेवटी त्या म्हणाल्या. "मले एक सांगा, मशीनले हात लावाच्या आधी शटडाऊन घेतलं होतं?"

मशीन आधी बंद करून घ्यायची, मग दुरुस्ती, मग शटडाऊन परत करायचं, म्हणजे मशीन पुन्हा चालू करायला मोकळी करायची. प्लांटमधला हा नियम तीस वर्षं त्या घरात भाजीभाकरीबरोबर वाढला जात होता.

"म्हणजे काय! बिना शटडाऊन मी हात लावतो काय?"

"मंग परत केलं?"

देवीदासनी चष्मा सावरला. पडद्याच्या कोपऱ्यात प्रिंटर 'थांबवलेला' होता. सकाळी त्यांनीच थांबवला होता. काखेत कळसा नि गावाला वळसा! त्यांनी 'थांबवा'समोरची खूण काढली. प्रिंटर कण्हला आणि सुरू झाला. एक पान आलं. दुसरं आलं. दिवसभरात जितक्या वेळा बटण दाबलं तितकी पानं यायला लागली. ते घाईघाईने स्विचकडे धावले.

"चालत्या मशीनले हात नका लावू!" ठकूबाई ओरडल्या.

सतरा निघाली.

विहारात शेजारच्या रुक्माबाईंनी गठ्ठा पाहिला. "वहिनी, इतले कागद कायले?"

देवीदास मागच्या रांगेत मान खाली घालून बसले.

"यायनं मुद्दाम काढले," ठकूबाई म्हणाल्या. "आपल्या साऱ्याइचे डोळे आता सारखेच."

पानं म्हाताऱ्यांच्या हातोहात गेली. वंदना सुरू झाली आणि सतरा आवाज ठकूबाईंच्या मागे खणखणीत उभे राहिले. देवीदासनी मोजून पाहिलं. सतराही पानं वाटली गेली होती, ठकूबाईंच्या हातात एकही नव्हतं, आणि त्यांची जीभ कुठेच अडली नाही.

परतताना ठकूबाई म्हणाल्या, "पुढच्या पौर्णिमेले तीस लागतीन."

"काढू ना."

"मंग उद्या सकाळपासूनच बसा."