सासूबाईंचं मिनिट

“साहेब पाचच मिनिटांपूर्वी गेलेत म्हणे. येतील आत्ता, म्हणून थांबलोय,” दारातल्या स्टुलावर बसलेला गॅसवाला म्हणाला.

ड्यूटीवरून आलेली सिस्टर उंबऱ्यातच थबकली. साहेब म्हणजे तिचा नवरा. त्याला जाऊन पाच वर्षं झाली होती.

“कोण म्हणालं?”

“आजी.”

त्याची कशीबशी बोळवण करून ती आत आली. सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या.

“आई, असं काय सांगता लोकांना?”

“खोटं सांगितलं का? पाचच मिनिटं झाली. मला या घरात येऊन पन्नास झाली. एवढं कळतं हो मला!”

पन्नास वर्षं. हिशेब चोख होता. सिस्टरची उभी नोकरी सलाइन लावण्यात गेलेली. तासांची मिनिटं आणि मिनिटांचे थेंब ती झोपेतही करायची. हाही हिशेब तिने सवयीने करून टाकला. यांचं मिनिट म्हणजे आपलं वर्ष. म्हातारपण, दुसरं काय!

मग एकदा समोरच्या बिऱ्हाडातली सून रडत आली. लग्नाला बरीच वर्षं होऊनही तिला मूल नव्हतं. सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. “रडतेस काय वेडे? पाऊण मिनिट कळ काढ.”

नऊ महिन्यांनी तिला मुलगी झाली. अख्खा मजला आनंदला. सिस्टरने मात्र बोटांवर महिने मोजले, आणि पुन्हा मोजले.

एका सकाळी वेणी घालून घेता घेता सासूबाई सहज म्हणाल्या, “मी निघते गं आता. अर्धं मिनिट.”

फणी केसांतच थांबली.

सिस्टरला दुसऱ्या शहरात मेट्रनची जागा मिळाली होती. सासूबाई नणंदेकडे राहणार होत्या. तिने त्याच दुपारी नकार कळवला.

“वेड लागलंय का वहिनी?” नणंद फोनवर कडाडली. “आई ठणठणीत आहे, डॉक्टरच म्हणाले ना!”

“जाईन हो ताई, सवडीने.”

सहा महिने दोघी एकमेकींशी मनसोक्त भांडल्या, मनसोक्त हसल्या. सहावा महिना सरला त्या दिवशी सिस्टरने रजा टाकली. दुपारी सासूबाई नीटनेटक्या होऊन खिडकीपाशी बसल्या.

“माझ्यापायी अडकून पडलीस.”

“अडकले कुठे? अर्ध्या मिनिटाचा तर प्रश्न होता.”

सासूबाई खुदकन हसल्या. मग डोळे बारीक करून, लांबची पाटी वाचावी तशा, तिच्याकडे बघत राहिल्या.

“आणि तुझी गं...”

“माझं नको, आई.” तिने त्यांच्या ओठांवर हात ठेवला.

समजल्यासारखी मान हलवून त्यांनी डोळे मिटले.

थोड्या वेळाने सिस्टरने त्यांचं मनगट हातात घेतलं आणि आपल्या घड्याळाकडे पाहिलं. बोटांखाली काहीच लागत नव्हतं. सेकंदकाट्याचा एक फेरा पुरा झाला, दुसरा सुरू झाला. मनगट न सोडता ती तशीच मोजत बसली.