तिसावरची लाल रेघ

गेजबाई हे नाव कारखान्यातल्यांनी ठेवलेलं. बावीस वर्षं बोल्ट तपासण्यात गेली, आटे बरोबर आहेत की नाहीत ते बघायचं गेज कायम खिशात, आणि तोंडात एकच शब्द, बाद. माल केसभर इकडेतिकडे झाला की बाद. कारागीर हातापाया पडला तरी बाद. घरी आल्यावरही हे खूळ उतरत नसे, पण नवरा जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यात; घरात उरले सासरे आणि ठोंब्या. बाद करायचं तरी कोणाला?

ठोंब्या म्हणजे कुत्रा, आणि नावाला जागणारा. अकरा वर्षांत कोणावर धड भुंकला नाही. दोन महिन्यांपूर्वी खोकायला लागला. डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो काढला आणि सांगितलं, हृदय मोठं झालंय, फुप्फुसात पाणी धरतंय. बरा होणार नाही, पण गोळ्यांवर दिवस काढता येतील. एकच करा, तो गाढ झोपलेला असताना मिनिटाला किती श्वास घेतो ते रोज मोजा. तिसाच्या आत असला तर ठीक. वर गेला की लगेच मला फोन.

मोजायचं म्हटल्यावर गेजबाईंना जरा धीर आला. नुसतं हात चोळत बसण्यापेक्षा हे बरं. त्याच संध्याकाळी त्यांनी कागदावर रकाने आखले, तिसावर पट्टीने लाल रेघ मारली आणि कागद फ्रिजवर चिकटवला. अडचण एवढीच, की त्यांना स्वतःला मोजता येईना. त्यांचं पाऊल जिन्यात वाजलं की मेला दाराशी हजर. त्या घरात असेपर्यंत झोप म्हणून नाही, या खोलीतून त्या खोलीत मागेमागे. गाढ झोपायचा तो दुपारी, सासऱ्यांच्या पायांवर डोकं टाकून. मग पेन्सिल आली सासऱ्यांकडे.

"नीट मोजा हं, बाबा," त्यांनी बजावलं. "अंदाजपंचे नको. रेघेच्या वर गेला की बाद, एवढं ध्यानात ठेवा."

बाबांनी मान डोलावली.

आकडे पडत गेले. चोवीस, सत्तावीस, बावीस, अठ्ठावीस. मग पंचवीस, सव्वीस, पंचवीस, सव्वीस, सव्वीस. इकडे ठोंब्याचा खोकला वाढत होता, जिना चढताना तो मधेच बसकण मारत होता, ताटलीकडे बघून तोंड फिरवत होता. गेजबाई नुसत्या धुमसत होत्या. गोळीवर चिडायच्या, गोळी लपवलेला घास थुंकला की कुत्र्यावर चिडायच्या. दोनदा डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या विचारायच्या, आकडा काय? सव्वीस. मग चालू द्या, बघू. बघू म्हणजे काय बघू, म्हणत गेजबाई फोन आपटायच्या.

कारखान्यात असा कागद कोणी पुढे केला असता तर त्यांनी तो त्याच्याच तोंडावर फेकला असता. खरं मोजलेलं कधी इतकं सरळ येत नाही. पंचवीस-सव्वीस लिहिणारा माणूस मोजत नसतो, चहा पीत असतो. हे त्यांना कळत नव्हतं थोडंच. पण घरात सव्वीस हवे होते आणि सव्वीस मिळत होते.

गुरुवारी यंत्र बंद पडलं आणि त्यांना दुपारीच सुट्टी मिळाली. जिना चढल्या, किल्लीने दार उघडलं, आत आल्या. ठोंब्या उठला नाही. बाबांच्या पायांवर तसाच झोपलेला, पोट भात्यासारखं वरखाली. चपला न काढताच त्यांनी घड्याळ लावून मोजलं. अठ्ठेचाळीस. पुन्हा मोजलं. अठ्ठेचाळीसच.

फ्रिजवरच्या कागदावर आजचा आकडा पडलेला होता. सव्वीस.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाबा, मोजता येत नव्हतं तर तसं सांगायचं होतं."

"येतं की. रोज मोजतो."

"मग खरे किती?"

"सोळा दिवसांपूर्वी चौतीस झाले. मग छत्तीस, मग पस्तीस. काल सत्तेचाळीस." सगळे तोंडपाठ होते त्यांना.

"आणि लिहिलं नाहीत?"

"तूच म्हणालीस, रेघेच्या वर गेला की बाद." बाबा गेजबाईंकडे न बघता कुत्र्याचा कान चोळत होते. "बाद मालाचं तुम्ही काय करता ते ठाऊक आहे मला. भट्टीत घालता. माझा हात धजावला नाही."

"अहो, वर गेला तर फोन करायचा होता. गोळी वाढवायची होती. त्याला मारायचं असं कोण म्हणालं?"

"फोनचं मला कुठे सांगितलंस?"

गेजबाईंनी आठवून पाहिलं. नव्हतंच सांगितलं. रेघ मारली की तिच्यापलीकडे कोणी लिहीत नाही, हे बावीस वर्षं बघितलेल्या बाईनं घरातही तीच रेघ मारली होती.

दवाखान्यात दोन तास इंजेक्शनं झाली, नळीतून हवा झाली. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता औषध लागू पडत नाहीये. जीव गुदमरतोय त्याचा. सोडवू या."

"सोळा दिवसांपूर्वीच आणला असता तर?" गेजबाईंनी विचारलं.

"महिना, दीड महिना मिळाला असता कदाचित. नक्की नाही सांगता येत."

कोणावर तरी कडाडावं असं गेजबाईंना फार वाटलं. डॉक्टरीणबाईंनी सांगायचं ते सांगितलं होतं. बाबा कोपऱ्यातल्या स्टुलावर अंग चोरून बसले होते. चिडायला स्वतःशिवाय कोणी उरलं नव्हतं, आणि त्याचा कोणाला काही उपयोग नव्हता.

"या बाबा, जवळ या," त्या म्हणाल्या. "त्याला तुमच्या मांडीची सवय आहे."

आधी झोपेचं इंजेक्शन दिलं. बाबांनी डोकं मांडीवर घेतलं, गेजबाईंनी फासळ्यांवर हात ठेवला. छातीची धडपड हळूहळू उतरत गेली. त्यांचा हात अंगावर असताना ठोंब्या गाढ झोपला, ही पहिलीच वेळ. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजलं.

"किती?" बाबांनी विचारलं.

"सव्वीस."

बाबांनी वर पाहिलं.

"खरे सव्वीस, बाबा. तुम्हीच मोजून बघा."

बाबांनी मोजले. ओठ हलत होते. मग त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. निघताना फ्रिजवरून कधी घेतला होता कोण जाणे. आजच्या रकान्यावर बोट ठेवून बराच वेळ बघत राहिले.

"आजचा बरोबर आहे," ते म्हणाले.

"हो," गेजबाई म्हणाल्या. हात होता तिथेच ठेवून त्यांनी डॉक्टरीणबाईंना मानेनंच सांगितलं, द्या.