मी लाल झाले, त्यात सत्यवतीबाईंचा काय दोष?

मी हळद बोलतेय. दुपारपासून सत्यवतीबाईंच्या पदराला डाग होऊन चिकटले आहे, आणि माझं डोकं असं फिरलंय की विचारू नका.

माझा जन्म वाशीमकडच्या मळ्यातला. मला खणलं, उकडलं, खडखडीत वाळवलं, चक्कीत दळलं. एवढं सगळं सोसून भातकुलीच्या या लग्नघरी आले, ती मोनालीच्या अंगाला लागायला. मोनाली तीन वर्षांची असताना तिची आई गेली. तिला वाढवलं तिच्या विधवा काकूने, या सत्यवतीबाईंनी. पोरीने आधीच बजावलं होतं, "पहिली हयद काकूच लावन. नाई त मी पाटावर बसतच नाई."

आता घोळ ऐका. लग्नघर म्हटलं की पापड आलेच. सकाळी दुर्गाबाईंनी, म्हणजे मोनालीच्या थोरल्या आत्याने, गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, पाणी तापवून त्यात पापडखार विरघळवला. पीठ भिजवलं आणि उरलेलं पाणी तसंच झाकून ठेवलं. दिसायला ते साधं पाणीच. दुपारी सत्यवतीबाईंनी त्यातलंच पाणी घेऊन मला ताटात कालवलं.

खार लागला की मी लाल होते. तो माझा स्वभावच आहे, मी कधी लपवलेला नाही. बघता बघता ताट विटेसारखं लाल झालं.

दुर्गाबाई कडाडल्या, "पाह्यलं? म्या मनलं होतं ना, हिले हात लावू देऊ नोका! झाला ना अपशकुन!"

बाकीच्या बायकाही ताटापासून मागे सरकल्या. त्यांनी हात पदराला पुसले. तेव्हाच मी इथे चिकटले. "जाते माय मी घरात," त्या म्हणाल्या. "पोरीचं चांगलं होऊ द्या."

अहो, काय बायका आहात की कोण! माझा डाग पडलेलं लुगडं तुम्ही साबणाने धुता, तेव्हा मी लाल होत नाही? खळबळून काढलं की पुन्हा पिवळी होत नाही? जन्मभर बघताय! आणि कपाळावर मिरवता ते कुंकू कशाचं असतं? मला खार लावूनच पूर्वी कुंकू करायचे. कपाळावर लाल झाले तर सौभाग्य, आणि विधवेच्या हाताखाली लाल झाले तर अपशकुन? वा रे न्याय!

मोनाली पाटावरून उठली. अकोल्याला माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते ती. खारपाण पट्ट्यातल्या मातीचा खार रोज मोजते. तिने गंजातल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"आत्या, पापडखाराचं पानी हाय हे! लिंबू आना कोनी."

लिंबाचं आंबट पडताच खाराचा जोर गेला. मी फसफसले आणि पुन्हा पिवळीधमक झाले. मला वाटलं, चला, आता तरी डोळे उघडतील. तर दुर्गाबाईंनी हात जोडले! म्हणाल्या, "लिंबानं दोष उतरला बाप्पा!"

कपाळावर हात मारायला मला हात नाहीत, म्हणून बरं.

"दोष कायचा?" मोनाली तडकली. "गंज तुमीच तसा ठेवला होता ना आत्या? मंग काकूले काहून बोलल्या?"

मोनाली ताट घेऊन थेट घरात गेली, काकूंसमोर जमिनीवरच बसली आणि गाल पुढे केला. सत्यवतीबाईंनी ताटात बोटं बुडवली. पहिली हळद त्यांनीच लावली. माझ्या जन्माचं सार्थक झालं.

आता संध्याकाळ झाली आहे. सत्यवतीबाई मोरीवर बसल्या आहेत. पदर पाण्यात खळबळला तशी मी पुन्हा पिवळी झाले आहे; त्यांच्या हातात साबण आहे, पण तो काही लावत नाहीत. पुन्हापुन्हा मागे वळून बघतात, दुर्गाबाई आहेत का ते. साबणाने मी पुन्हा लाल होईन, याची भीती त्यांना वाटते. या बाईने असंच घाबरून राहायचं का?

लावा हो सत्यवतीबाई, लावा साबण. बोलवा दुर्गाबाईंना, बोलवा सगळ्या जणींना. मला त्यांच्या देखत लाल होऊ द्या.