आजारी असल्याचा निरोप

कडूबानं तारेच्या कुंपणातून डबा आत दिला. पहारेकऱ्यानं तो न उघडताच परत केला.

"इमामचा उद्यापासून आणू नको."

"सुटला काय?"

"गेला. तापानं. पहाटंच माती दिली."

निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतर औरंगाबादेत रझाकार म्हणून धरून ठेवलेल्यांना मठातून जेवण जाई. गाव सोडून पळालेली त्यांची बायकापोरं मठाच्याच सराईत राहत. इमामची बायको हाजराबीही तिथंच होती. आता गावं निवली म्हणून सगळ्यांना परत न्यायला सकाळी ट्रक येणार होते.

कडूबानं मठात येऊन सांगितलं, तेव्हा कारभारी नानासाहेब म्हणाले,

"कडूबा, तूच सांग तिला. तुझ्यावर येऊन गेलंय."

कडूबाची बायको बानाबाई गेली तेव्हा तो मेंढरं घेऊन लांबच्या रानात होता. बोलवायला आलेला माणूस म्हणाला होता, "वहिनी आजारी हाय, चल." मरणाचा निरोप असाच देतात. वाटभर बानाबाई त्याच्यासाठी जिवंत होती. दारात जमलेली माणसं बघून त्याला कळलं.

हाजराबी पोत्याच्या पडद्याआड बोचकं बांधत होती.

"कडूभाऊ, डबा भरलेलाच आणला? रुसला जनू. तुमच्या मठाचं अळणी खाऊन कटाळला आसंल."

"आजारी हाय त्यो."

बोचक्याची खसफस थांबली.

"लई?"

"लई."

तो हंबरड्याची वाट बघत उभा राहिला. आत ती गाठ सोडू लागली.

"मंग म्या कशी जाऊ? बरा होऊन सुटला तर हितंच हुडकंल मला."

तेव्हा कडूबाला आपली चूक कळली. त्याला निदान घराच्या दारात पोचून खरं कळणार होतं. हिला ते कुठं बघून कळणार? तारेआड बायकांना सोडतच नव्हते.

"एकलीच ऱ्हाशील? सराई रिकामी व्हनार."

"तू हायस की."

कडूबा भरलेला डबा उचलून बाहेर पडला.

सकाळी ट्रक भरून गेले. सराईत एकच चूल पेटलेली होती. फाटकाशी दोन अनोळखी माणसं काठ्या टेकून, चुलीच्या धुराकडं बघत उभी होती.

"आत कोन ऱ्हायलंय रं?" एकानं विचारलं.

"कोन नाय," म्हणत कडूबा आत गेला. ती माणसं हलली नाहीत.

पडद्याखालून पेजेचं भांडं पुढं सरकलं.

"गरम हाय तवर पोचव, भाऊ. आन् त्याला सांग, म्या गेले नाय."

कडूबानं भांडं उचललं. इमाम मेला, हे तिला सांगायचं अजून राहिलंच होतं.