रोज एक खरं वाक्य

भगवानराव गुरुजी बौद्धवाड्यात आले, तेव्हा सत्यशीलेला वाटलं, वाट चुकले असतील. दोन वर्षांत हा माणूस या गल्लीत फिरकला नव्हता. आज आला तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला आणि कधी नव्हे ते तिला 'बाई' म्हणाला.

"सत्यशीलाबाई, उद्या डिप्टीसाहेब तपासणीला यायलेत. तुमच्या गोतमीला तेवढी शाळेत धाडा."

"कशाला?" ती म्हणाली. "तुमच्या हजेरीत तर ती रोजच असती की."

ते खरंच होतं. पट घसरला तर दुसऱ्या मास्तरची जागा जाणार, म्हणून गुरुजी गोतमीची हजेरी न चुकता मांडत. पोरगी मात्र दोन वर्षं घरी होती. दुसरीत असताना, ऐन वाचनाच्या तासाला, ती शाळेचं अंगण झाडताना सत्यशीलेला दिसली होती. बौद्धवाड्याची पोरं व्हरांड्यात बसत आणि बाहेरचा केर त्यांच्याच वाट्याला येई. कायद्यानं अस्पृश्यता कधीच संपली होती. या शाळेच्या उंबऱ्याला ते चौऱ्याहत्तर सालापर्यंत कुणी कळवलं नव्हतं. सातवी पास सत्यशीलेनं झाडू हिसकावून गुरुजींच्या पायाशी फेकला आणि पोरीला घरी आणलं.

तेव्हापासून घर हीच शाळा. भाकरी मोडून पाव, अर्धा, पाऊण. कापूस वेचता वेचता पाढे. अंगणात राखेनं सगळा परभणी जिल्हा काढलेला, त्यात पूर्णेवर खड्यांचं येलदरी धरण. एकदा पोरींनी ते फोडलं, घागरभर पाणी चुलीत शिरलं, अन् मायलेकी हसून हसून लोळल्या. नदी मागं का वाहत नाही, असं धाकट्या विशाखेनं विचारलं, तर दिवसभर तोच धडा चालला. घंटा नव्हती, छडी नव्हती. नियम एकच: रोज प्रत्येकीनं भिंतीवर कोळशानं एक वाक्य लिहायचं, स्वतः पाहिलेलं आणि खरं. 'कोंबडी आज माझ्यावर चिडली.' 'शेजारच्या धुरपताबाई कांदा नसताना रडल्या.' विशाखेनं एकदा लिहिलं, 'आई घोरते.' तेही कुणी पुसलं नाही.

"वाचणारी पोरं न्हाईत का शाळेत?" सत्यशीलेनं विचारलं.

"हायत. पन साहेबासमोर दातखीळ बसती." गुरुजींनी आवाज खाली आणला. "गोतमीला पाथरीला पाचवीत घालायचं म्हनता ना? मग चौथीचा दाखला लागंल. उद्या तिनं नीट वाचावं अन् फळ्यावर लिवावं, 'आमची शाळा आम्हाला फार आवडते.' दाखला हातात देतो."

सत्यशीलेच्या अंगाचा तिळपापड झाला. तोंडात आलेली शिवी तिनं गिळली. तिच्याजवळचं सातवीपर्यंतचं शिक्षण संपत आलं होतं आणि पोरगी तिच्या पुढं पळत होती. भिंतीवरच्या अक्षरांना शिक्का नव्हता.

संध्याकाळी तिनं गोतमीला सांगितलं, "उद्या मास्तर म्हनतेत ते लिव."

"मी कुठं पाह्यलंय ते?"

"लिव म्हनलं ना!" ती खेकसली. राग गुरुजींचा होता, निघाला पोरीवर.

दुसऱ्या दिवशी साहेब यायच्या आत व्हरांडा रिकामा झाला. बौद्धवाड्यातली सगळी पोरं वर्गात, गोतमी तर पहिल्या रांगेत. सत्यशीला दाराशी उभी राहिली. गोतमीनं धडा घडाघडा वाचला, पाऊणकीचा पाढा म्हणून दाखवला. साहेब खूश झाले.

"रोज येती, साहेब. एक खाडा नाही," गुरुजी म्हणाले.

"वा! आता मनानं एक वाक्य लिही बघू."

गुरुजी खाकरले. गोतमीनं खडू घेतला, एकदा आईकडं पाहिलं आणि लिहिलं: 'आज मी या शाळेत पहिल्यांदा आत बसले.'

साहेबांनी फळा पाहिला, गुरुजी पाहिले. "अक्षर वळणदार आहे," ते म्हणाले आणि फळा पुसायला फडकं उचललं.

सत्यशीला तरातरा आत शिरली. "साहेब, अक्षर नका पाहू. वाचा. मोठ्यानं वाचा."

"ए, भाईर हो!" गुरुजी ओरडले. "दाखला पायजे का नको?"

"पायजे! पन आधी वाचा म्हनावं!"

साहेबांनी वाचलं. पहिल्यांदा तोंडातल्या तोंडात. ती जागची हलेना, तेव्हा पुन्हा, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं. मग त्यांनी हजेरीपट मागवला, दोन वर्षांची पानं उलटली आणि मिटला. आता हे वर कळवलं तर चौकशी, जबाब, कागद. साहेबांना दुपारची यष्टी गाठायची होती.

"दाखला द्या यांना," ते म्हणाले. "अन् फळा पुसा."

सत्यशीलेनं दाखला तिथंच वाचला. 'हजेरी: नियमित.' तिनं त्यावर बोट ठेवलं. "हे खोडा."

"खोडलेला दाखला पाथरीला चालत नाही, बाई," साहेब म्हणाले.

दाखला टराटरा फाडून दोघांच्या तोंडावर फेकावा, असं तिला वाटलं. तिनं त्याची घडी केली आणि पदराला बांधली.

घरी आल्यावर गोतमीनं कोळसा घेतला, पण लिहिलं नाही. "माझं आजचं झालं," ती म्हणाली आणि कोळसा आईच्या हातात दिला.

दोन वर्षांत सत्यशीलेनं स्वतः एकदाही लिहिलं नव्हतं. तिनं भिंतीवर कोळसा इतका दाबून धरला की तो दोनदा मोडला.

'आज मी एक खोटा कागद घरी आणला.'