चार पावलं मागे

धाकटीचं काम माणसं चालवायचं. पडद्यावरच्या माणसाने पाय कसा उचलायचा, हात किती हलवायचे, दचकल्यावर मान कुठे फिरवायची, ते ती ठरवायची. कंपनीचा नवा गेम गाड्यांच्या शर्यतीचा होता, पण साध्यासुध्या शर्यतीचा नव्हे. टपावर बंदुका, चाकांना पाती, आणि पहिलं येण्यापेक्षा दुसऱ्याला संपवण्यात जास्त गुण. रस्त्याने जाणारी-येणारी माणसं उडवली तरी गुण मिळायचे. धाकटीला हे पटायचं असं नाही. पण पटण्या-न पटण्यावर कोणाचं घर चालत नाही, अशी तिने मनाची समजूत घातलेली होती.

दीड वर्षापूर्वी गेमसाठी म्हाताऱ्या माणसाची चाल हवी होती. चाल घ्यायची म्हणजे माणसाला अंगाला चिकटणारा काळा पोशाख घालायचा, सांध्यासांध्यांवर चमकते मणी लावायचे आणि मोकळ्या दालनात चालायला लावायचं. भिंतीवरचे कॅमेरे तेवढे मणी टिपतात. त्यासाठी आणलेले कसरतपटू म्हातारे व्हायचे म्हणजे कमरेत वाकून खोकायचे. सगळीच नाटकं. शेवटी धाकटी वडिलांना घेऊन आली.

वडील जन्मभर विजेच्या मीटरचे आकडे टिपत दारोदार हिंडलेले. चालायला त्यांना कसली आलीय लाज? उजवा गुडघा आखडलेला, एक हात कमरेवर, आणि दर दहा पावलांनी थांबून मागे वळून बघायचं. आई चार पावलं मागे असायची. ती येतेय ना, एवढंच बघून पुन्हा पुढे. चाळीस वर्षांची खोड. त्या रिकाम्या दालनातही त्यांनी तसंच वळून बघितलं. सगळे हसले, तेही हसले. म्हातारपणी नट झालो म्हणून महिनाभर सांगत फिरले.

नंतर ते आजारी पडले. इस्पितळात आई रात्रंदिवस उशाशी बसून होती. एके दिवशी तासाभरासाठी आंघोळीला म्हणून घरी गेली, तेवढ्यात ते गेले.

इकडे गेम आकाराला येत होता. गेममधल्या चुका शोधणारा जो टेस्टर होता, त्याला ऑफिसात सगळे शंकासूर म्हणत. त्याने लिहून कळवलं की म्हातारा नेमका गाडी जवळ आल्यावर मागे बघतो, फार मजा येते. गेमच्या प्रमुखाला ते इतकं आवडलं की शहरातल्या सगळ्याच म्हाताऱ्यांना तीच चाल देऊन टाकली. वर नियम केला, मागे बघत असताना उडवलं तर दुप्पट गुण. धाकटी त्या बैठकीला होती. वडिलांना जाऊन तेव्हा पंधरा दिवस झाले होते. तिने तोंड उघडलं नाही. बोलले असते तर रडले असते, असं तिने मागाहून स्वतःला सांगितलं.

गेमला कुलूप लावायचा दिवस आला. संध्याकाळी सहानंतर त्यात टाचणीएवढाही बदल होणार नव्हता. सकाळी धाकटी धीर करून प्रमुखाकडे गेली, खरं काय ते सांगितलं. तो बिचारा ओशाळला. म्हणाला, सहाच्या आत जमतंय तर काढ ती चाल, दुसरी घाल. ती त्याच कामाला लागली होती, तर दुपारी आई ऑफिसच्या दारात उभी.

आईचा हट्ट जुनाच होता. घरातल्या सगळ्या फोटोंत वडील बसलेले. चालताना कुठेच नाहीत. त्या दिवशी तू काहीतरी घेतलं होतंस ना, ते दाखव, असं ती महिनोन्‌महिने म्हणत होती आणि धाकटी आज-उद्या करत होती. आता आलीच म्हटल्यावर धाकटीने तिला खुर्ची दिली आणि नुसते मणी दाखवले. काळ्या पडद्यावर चाळीस-पन्नास पांढरे ठिपके, दुसरं काही नाही. ठिपके चालले, थांबले, वळले.

"हेच," आई म्हणाली. पदार्थ चाखून मीठ बरोबर आहे म्हणावं, तितक्या साधेपणाने.

शेजारच्या टेबलावर शंकासूर कानाला हेडफोन लावून शेवटची तपासणी करत होता. त्याला कशाचाच पत्ता नव्हता. त्याच्या पडद्यावर एक लांबलचक रस्ता होता आणि कडेने एक म्हातारा चालला होता. चेहरा दुसऱ्याचाच, चाल मात्र घरची. आईची नजर तिकडे गेली. म्हातारा थांबला, कमरेवर हात ठेवून वळला, आणि गाडी त्याच्या अंगावरून गेली.

धाकटीने खुर्ची फिरवायला हात घातला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. आईने तिचा हात बाजूला केला. मग एकेक विचारू लागली. पडल्यावर ते पुन्हा उठतात का? उठत नाहीत, पुढच्या गल्लीत दुसरे येतात. तेही असेच चालतात? हो. धाकटीने घाईघाईने सांगितलं की ती आत्ता त्यांनाच काढतेय, तासाभरात गेममध्ये ते कुठेच नसतील, हे ठिपके तेवढे जपून ठेवलेले राहतील.

"म्हणजे कपाटात बंद," आई म्हणाली. "ते वळून कोणाला बघतात, ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे गं."

"मग मला घाल तिथे. त्यांच्या मागे."

धाकटीने पोरासोरांना समजवावं तसं समजावलं. आई, हा खेळच तसला आहे, दोघांनाही उडवतील.

"न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? एकदा घरी गेले, परत येऊन बघते तर खाट रिकामी. आता ते वळतात आणि मागे रस्ता मोकळा, हे डोळ्यांनी बघितलं मी. उडवायचंय तर उडवू देत. पण वळल्यावर त्यांना मी दिसले पाहिजे."

पुढे धाकटीने वाद घातला नाही. कदाचित त्या बैठकीत गप्प बसल्याचं ओझं होतं म्हणून. तिने प्रमुखाला विचारलं, त्याने मान डोलावली. शंकासुराने हेडफोन काढला, कुजबुजत कोणालातरी काय झालं ते विचारलं, आणि मग स्वतःच दालनातले दिवे लावून दिले.

काळा पोशाख आईला सैल झाला. धाकटीने तिच्या खांद्यांना, कोपरांना मणी लावले. घोट्यांना लावताना खाली बसली, तेव्हा आईच्या पायांना सूज असल्याचं तिला पहिल्यांदा दिसलं. आई चालली. समोर कोणी नव्हतं, तरी दहा पावलं झाली की ती आपणहून थांबायची, क्षणभर हनुवटी वर करायची, आणि पुन्हा चालू लागायची. एकदाही चुकली नाही.

सहाला पाच मिनिटं उरली तेव्हा दोन्ही चाली एकमेकींना बांधून झाल्या होत्या. शेवटची एक खिडकी उघडली. नव्या माणसाला उडवलं तर किती गुण, तो आकडा भरल्याशिवाय ती पुढे सरकत नाही. धाकटीने सगळ्यात लहान आकडा, एक, टाकायचं ठरवलं होतं. बोट त्याच्यावर गेलंही होतं.

आई मागून वाकून बघत होती. "काय विचारतोय तो?"

"वय," धाकटी म्हणाली. दुसरं काही सुचलंच नाही.

"अडुसष्ट पूर्ण. लिही."

आईची नजर तिच्या बोटांवर होती. एक लिहिणं शक्य नव्हतं. धाकटीने अडुसष्ट लिहिलं. खिडकी मिटली, आणि दोन-तीन मिनिटांत गेमला कुलूप लागलं.

आई समाधानाने मनगटावरचे मणी सोडवू लागली. एकेक काढून टेबलावर ठेवत होती. धाकटी पडद्याकडे बघत राहिली. म्हाताऱ्याला उडवण्याचे तीस होते, मागे वळलेला असताना साठ, आणि आईचे आता अडुसष्ट. आता जो कोणी गाडी घेऊन त्या रस्त्याला लागेल, तो आधी मागचीला गाठेल. पुढचा वळून बघेपर्यंत रस्ता मोकळा झालेला असेल.

"झालं ना नीट?" आईने विचारलं.

"झालं," धाकटी म्हणाली, आणि आईच्या पाठीवरचे मणी काढायला उठली.