लेव्हलपुरतं बोलणं

भिंगरी हे नाव त्याला वर्तमानपत्राच्या कचेरीत पडलं. आगीचा बंब पोचण्याआधी हा आगीपाशी, मोर्चा वळण्याआधी हा वळणावर. बूड टेकून बसलेलं त्याला कुणी पाहिलं नव्हतं. बातमीसुद्धा उभ्याउभ्याच लिहायचा. पुढे बातमी दुसऱ्या दिवशी शिळी होते याचाच त्याला राग येऊ लागला, तेव्हा तो सरळ शिळ्यातच शिरला आणि बंदराचा इतिहास लिहून मोकळा झाला. ते पुस्तक वाचून रेडिओवाल्यांनी बोलावलं. दर आठवड्याला अर्धा तास बोलून तो घराघरांत पोचला. भाजीवाला त्याला तोंडावरून ओळखत नसे, पण "कशी दिली?" एवढं विचारलं की लगेच मान वर करून हसायचा.

इतिहास लिहिताना त्याचा एकच नियम होता. एकट्याच्या सांगण्यावर भरवसा ठेवायचा नाही. दुसरा साक्षीदार भेटेपर्यंत तो इतिहास नाही, नुसत्या गप्पा.

आणि मग घशात गाठ निघाली. गाठ काढावीच लागेल आणि तिच्याबरोबर आवाजही जाईल, असं डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. ऑपरेशनपर्यंत कमी बोला, म्हणाल्या. बोलणं म्हणाल तर थोडा वेळ नीट चालायचं, मग आवाज फाटायचा.

बंदरातल्या जुन्या संपावरची त्याची रेडिओवरची मालिका संपत आली होती. शेवटचा भाग तेवढा बाकी होता. संप मोडला कसा, कोण फुटलं, हे सगळं त्यातच यायचं होतं. भिंगरीने ठरवलं की उरलासुरला आवाज त्या भागासाठी राखायचा. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, तसा आवाजही साचेल असं त्याला वाटलं असावं. घरात त्याने पाटी-पेन्सिल आणली. चहा हवा का, तर मान हलवायची. दारापासून गच्चीपर्यंत आणि गच्चीपासून दारापर्यंत ओठांतल्या ओठांत संहिता वाचत तो फेऱ्या मारायचा, आणि बायको त्याच्या वाटेतून खुर्च्या बाजूला सरकवायची.

लांब राहणारी लेक रोज संध्याकाळी फोन करी. बाबांना दे म्हणे. हा लांबूनच हात हलवी. मग बायको सांगे, झोपलेत, नाहीतर आंघोळीला गेलेत. इतक्या आंघोळी माशानेही केल्या नसतील.

रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळी तो बूट चढवत होता. दुसऱ्या दिवशी इस्पितळात भरती व्हायचं होतं. बायको समोर येऊन उभी राहिली.

"संपावर बोलायला दहाजण मिळतील," ती म्हणाली. "तुमचा रेडिओवरचा आवाज तिथे कपाटं भरून आहे. माझ्याशी भांडता तो आवाज मी उद्यापासून कुठून आणू?"

त्याने पाटी उचलली. मग कोरीच खुर्चीवर टाकून तो जिना उतरला. त्याला राग आला होता, आणि रागाखाली भीती होती.

स्टुडिओत काचेपलीकडे ध्वनिमुद्रक बसलेला. सगळे त्याला कानसेन म्हणत. रेकॉर्डिंग सुरू होण्याआधी आवाजाची लेव्हल लावायची, त्यासाठी माणसाला काहीबाही बोलायला सांगायचं, ही तिथली रीत. कानसेन नेहमी विचारी, सकाळपासून काय केलंत? आणि भिंगरी इतकी वर्षं तेच उत्तर देई: चहा घेतला, पेपर वाचला, बायकोशी भांडलो. लेव्हल लागली की कानसेन अंगठा वर करी.

"चहा घेतला," भिंगरी म्हणाला. "पेपर वाचला. बायकोशी..."

तो थांबला. चुकीची माहिती त्याच्या तोंडातून निघेना.

"भांडलो नाही," तो म्हणाला. "बरेच दिवस भांडलो नाही. अगं, आपल्या पहिल्या खोलीची खिडकी तूच उघडी ठेवली होतीस. माझे सगळे कागद उडाले आणि तू हसत सुटलीस. मी चिडलो तो कागदांसाठी नाही. तू इतकी छान हसतेस हे लग्नाला वर्ष होऊनही मला ठाऊक नव्हतं, म्हणून चिडलो. सारखा बाहेर. घरात काय चाललंय त्याची बातमी कधी काढलीच नाही. आणि पोरी, त्या आंघोळी सगळ्या खोट्या होत्या. मी तिथेच उभा होतो. तुझा आवाज ऐकत होतो."

तो बोलत राहिला. कार्यक्रम अधिकाऱ्याने घड्याळाकडे पाहून तोंड उघडलं, तर कानसेनने त्याला हातानेच गप्प केलं. अंगठा काही वर झाला नाही.

रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला तेव्हा भिंगरीने संहिता पुढे ओढली. तिसऱ्या वाक्याला आवाज फाटला, पाणी पिऊनही सांधला नाही. अधिकारी वैतागला, आणि त्याचं काही चुकलं नाही. संपाचा शेवट पुढे बातम्या वाचणाऱ्या मुलीने वाचला. चांगला वाचला.

ऑपरेशन होऊन तो घरी आल्यावर कानसेन भेटायला आला आणि जाताना त्याने एक कॅसेट टेबलावर ठेवली. लेव्हलचं बोलणं आम्ही पुसूनच टाकतो, म्हणाला, या वेळी हात धजला नाही.

मुलाखती घ्यायचा जुना टेपरेकॉर्डर माळ्यावरून खाली आला. ऑपरेशनसाठी आलेली लेक आंघोळींचं ऐकून हसली आणि मग तोंड धुवायला आत गेली. बायको मात्र कपाळाला आठी घालून ऐकत होती. तिने मध्येच बटण दाबलं.

"त्या खोलीला खिडकी नव्हतीच," ती म्हणाली.

भिंगरीने मान वर केली.

"दार होतं. कुठे आग लागल्याचं कळलं आणि तुम्हीच ते सताड उघडं टाकून पळालात. कागद मी वेचले."

जन्मभर प्रत्येक गोष्टीला दुसरा साक्षीदार शोधणाऱ्या माणसाने स्वतःच्या घराचं तेवढं एकट्याच्याच सांगण्यावर भागवलं होतं. दुसरा साक्षीदार रोज समोर चहा ठेवून जात होता. भिंगरीने पाटी मांडीवर ओढली, पेन्सिल उचलली, आणि पुन्हा खाली ठेवली. मग उठून त्याने टेप मागे नेली आणि बटण दाबलं.

"खिडकी तूच उघडी ठेवली होतीस," टेपरेकॉर्डर म्हणाला.

"नव्हती म्हणते ना," बायकोचा आवाज चढला.

भिंगरीने टेप पुन्हा मागे नेली.